पडद्यावरची सुरत आणि पर्वत पाटियाचा प्रेक्षक

मराठी चित्रपटात राजकीय संदेश शिरला आणि निरनिराळ्या जातिधर्मांची पात्रे कथेत मुद्दाम आणली जाऊ लागली, ही तक्रार गेल्या दशकभरात वारंवार ऐकू येते. तिच्यामागे असा समज असतो की पूर्वी कधीतरी पडदा निव्वळ गोष्ट सांगत असे आणि पुढे तो बिघडला. हा समज तपासण्यासाठी पुण्या-मुंबईच्या समीक्षकाऐवजी मराठी मुलखाच्या कडेवर राहणाऱ्या प्रेक्षकापासून आरंभ करणे सोयीचे ठरते, कारण पडद्यावर काय दाखवले जाते याइतकेच काय कधीच दाखवले जात नाही हेही त्याला ठाऊक असते. पूर्व सुरतेतील पर्वत पाटिया हा अशाच प्रेक्षकाचा परिसर आहे.

हमरस्त्यावरून आतल्या गावाकडे वाट फुटते त्या ठिकाणी गावाच्या नावाची पाटी उभी असते आणि त्या ठिकाणाला गुजरातीत 'पाटिया' म्हणतात. महाराष्ट्रात ज्याला 'फाटा' म्हणतात तेच हे. बारडोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून पर्वत नावाच्या गावाकडे वळण्याची ही जागा सुरत वाढत गेली तशी शहराच्या पोटात आली, आणि नावात पर्वत असला तरी सगळा मुलूख सपाट, इतका की पावसाळ्यात खाडी फुगली की आजूबाजूच्या सोसायट्यांत पाणी शिरते. एका बाजूला कापडाच्या घाऊक बाजारपेठा, त्यांत मारवाडी व्यापारी मोठ्या संख्येने, आणि दुसऱ्या बाजूला लिंबायत, गोडादरा, डिंडोली हे भाग, जिथे धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी कुटुंबे दोन-तीन पिढ्या राहत आहेत. सुरत महापालिकेच्या शाळांत गुजरातीखेरीज ज्या माध्यमांतून शिक्षण दिले जाते त्यांत मराठी आहे, ते या वस्तीमुळेच. खानदेश आणि सुरत यांना जोडणारी ताप्ती व्हॅली रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली. 1972 च्या दुष्काळाने आणि नंतरच्या कोरडवाहू शेतीच्या हालाखीने या मार्गावरून माणसे सुरतेच्या 'लूम खात्यां'कडे, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यांकडे, लोटली. मुंबईच्या कापड गिरण्यांचा 1982 चा संप फसल्यावर कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव आणि सुरत येथील यंत्रमागांकडे आणखी सरकले, तेव्हा हा ओघ वाढला. राजकारणाने या वस्तीची दखल चित्रपटाच्या कितीतरी आधी घेतली. मूळचे जळगाव जिल्ह्यातील सी. आर. पाटील 2009 पासून नवसारी मतदारसंघाचे खासदार आहेत आणि 2020 मध्ये ते गुजरातेतील सत्ताधारी पक्षाचे प्रदेशाध्यक्षही झाले. मराठी पडद्यावर मात्र ही वस्ती जवळजवळ नाही. सुरत आहे, सुरतेतला मराठी माणूस नाही.

या अनुपस्थितीचा अर्थ लावण्यापूर्वी संदेशाचा प्रश्न किती जुना आहे हे पाहावे लागते. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये प्रदर्शित केला तो ख्रिस्तचरित्राचा पट पाहून, आपले देव पडद्यावर आपल्या माणसांनी आणले पाहिजेत या स्वदेशी आग्रहातून. म्हणजे भारतीय कथापटाच्या जन्माचे कारणच प्रतिनिधित्वाचे, कोणाची प्रतिमा पडद्यावर असावी या विचाराचे होते. याच चित्रपटात तारामतीचे काम खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना करावे लागले, कारण कोणतीही स्त्री, अगदी कलावंतिणीसुद्धा, कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार झाली नाही. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकी उभ्या राहिल्या तेव्हा पडद्यावर स्त्रीच असावी की नसावी हा वाद मिटायला आरंभ झाला. फाळक्यांच्या चरित्रांत सुरतेची एक हकिकत सांगितली जाते. नाटकाच्या सहा तासांच्या खेळाची सवय असलेल्या तिथल्या प्रेक्षकाला दीड तासाचा चित्रपट महाग वाटला, तेव्हा त्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अशी जाहिरात केली आणि मग लोक लोटले. हकिकतीत अतिशयोक्ती असेलही, परंतु सुरतेचा प्रेक्षक पैशाचा हिशेब मागतो हे मराठी मनातले चित्र तिच्यातही डोकावते.

सरकारला संदेशाचे भय त्याच काळात वाटू लागले. 1918 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर 1920 मध्ये मुंबई इलाख्यात चित्रपट तपासणारे मंडळ नेमले गेले, ज्याला बोलीत आजही 'सेन्सॉर' म्हणतात. सुरत जिल्हा तेव्हा या इलाख्यातच मोडत असल्यामुळे पुणे, धुळे आणि सुरत येथील प्रेक्षकाने काय पाहावे हे एकच मंडळ ठरवी. 1921 मध्ये कोहिनूर फिल्म कंपनीच्या 'भक्त विदुर'मध्ये महाभारतातला विदुर गांधींसारखी टोपी आणि खादी घालून आला, आणि मुंबईत चाललेला हा चित्रपट कराची आणि मद्रास येथे बंद करण्यात आला. चित्रपटाचे दिग्दर्शक कानजीभाई राठोड सुरत आणि नवसारी यांच्या मधल्या मरोली परिसरातील, आणि चित्रपट-इतिहासकारांच्या मते दलित कुटुंबातील होते. राजकीय संदेशासाठी अडवल्या गेलेल्या या आरंभीच्या भारतीय चित्रपटाचा कर्ता पर्वत पाटियापासून फार तर दीड तासाच्या वाटेवरच्या गावचा होता, ही गोष्ट 'विविधता' हा आयात केलेला शब्द आहे असे मानणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

प्रभात कंपनीचा इतिहास याच धाग्यावर चालतो. 'स्वराज्याचे तोरण' या नावात 'स्वराज्य' होते म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि 1930 मध्ये तो चित्रपट 'उदयकाल' म्हणून आला, ज्यात शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः व्ही. शांताराम यांनी केली. संत एकनाथांवरचा 'महात्मा' हे नाव गांधींची आठवण देते म्हणून 1935 मध्ये तो 'धर्मात्मा' झाला. अस्पृश्याच्या घरी जेवणारा एकनाथ त्यात बालगंधर्वांनी रंगवला होता, आणि त्या वेळच्या कोणत्याही प्रेक्षकाला हा निव्वळ संतचरित्राचा पट वाटण्याची शक्यता नव्हती. 1941 चा 'शेजारी' हा तर उघड संदेशपट होता. हिंदू जिवबा आणि मुसलमान मिर्झा या दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांत धरणाच्या कामावरून वितुष्ट घातले जाते आणि फुटणाऱ्या धरणावर दोघे एकत्र मरतात. मराठीत मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदी आवृत्तीतही मिर्झा तेच राहिले आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान, म्हणजे धर्मांची अदलाबदल पात्रवाटपातच केलेली होती. यापैकी कोणत्याही चित्रपटाला आज कोणी प्रचारपट म्हणत नाही. चित्रपट जुना झाला की त्याच्यातल्या संदेशाला संस्कार म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे.

संदेश ही मराठी करमणुकीला परकी गोष्ट नव्हती याचे मूळ याहून मागे, जलशात आहे. तमाशाचा साचा उचलून सत्यशोधक चळवळीने जो प्रकार उभा केला त्यात आरंभीचा देवाचा 'गण' आणि गवळणींची थट्टा यांची जागा बदलून शेटजी-भटजींवर टीका करणारा संवाद आणला गेला, आणि पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी हाच साचा अस्पृश्यतेविरुद्ध वापरला. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले, त्याच्या 'वगा'त म्हणजे तमाशातल्या कथानाट्यात मालक, सावकार आणि पुढारी हीच पात्रे असत. या खेळांपुढे बसणारा श्रोता संदेशाने वैतागून उठून जात असे असे दिसत नाही. त्याला सोंगाड्या हवा असे आणि सोंगाड्याने टोला हाणलेलाही हवा असे.

मग सुरत या सगळ्यात कुठे आहे? मराठी इतिहासकल्पनेत सुरत ही मुख्यतः लुटण्याची जागा आहे. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांचे हे सर्वांत श्रीमंत बंदर लुटले. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, त्याने तहाच्या मिषाने पाठवलेल्या माणसाने महाराजांवर हल्ला केला, इंग्रजांनी जॉर्ज ऑक्झेंडनच्या नेतृत्वाखाली आपली वखार राखली, आणि धर्मादाय करणाऱ्या एका मृत व्यापाऱ्याचे घर तसेच कॅपुचिन पाद्र्यांचा मठ यांना हात लावला गेला नाही, असे परकीय प्रवाशांच्या लिखाणातून दिसते. ऑक्टोबर 1670 मध्ये दुसरी स्वारी झाली. युद्धखर्चासाठी शत्रूच्या बंदरावर घाव घालणे ही त्या काळची सर्वमान्य राजनीती होती आणि मराठी इतिहासलेखनाने 'सुरतेची लूट' हा शब्दप्रयोग दीडशे वर्षे संकोचाशिवाय वापरला. डिसेंबर 1907 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन याच शहरात मोडले आणि व्यासपीठाकडे पुणेरी जोडा भिरकावला गेला, तेव्हा मराठी वाचकाला सुरतेची दुसरी आठवण मिळाली. जून 2022 मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार प्रथम सुरतेच्या हॉटेलात जाऊन उतरले, ही तिसरी. पहिल्या आठवणीवरून तिसरीवर कोट्या करण्याचा मोह त्या दिवसांत फारच थोड्या स्तंभलेखकांना आवरला.

त्या बंडाच्या जेमतेम सव्वा महिना आधी, 13 मे 2022 रोजी, 'धर्मवीर' हा शिवसेना नेते आनंद दिघे यांच्यावरील चित्रपट प्रदर्शित झाला होता, आणि त्याचा दुसरा भाग 27 सप्टेंबर 2024 रोजी, विधानसभा निवडणुकीला दोन महिनेही उरले नसताना आला. त्याआधी बाळासाहेब ठाकरे यांच्यावरील 'ठाकरे', ज्याची निर्मिती आणि कथा त्याच पक्षाच्या खासदाराची होती, जानेवारी 2019 मध्ये लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर प्रदर्शित झाला. त्याच्या मराठी जाहिरात-पटातील दाक्षिणात्यांविषयीच्या हेटाळणीवर दक्षिणेतून टीका झाली आणि बाळासाहेबांची भूमिका उत्तर प्रदेशातून आलेल्या नवाजुद्दीन सिद्दीकी यांनी केली. परप्रांतीयांविरुद्धच्या आंदोलनातून मोठ्या झालेल्या नेत्याला पडद्यावर उभे करण्यासाठी परप्रांतीय नट लागला, यात विसंगती शोधण्यापेक्षा 'शेजारी'ची परंपरा शोधणे अधिक योग्य. परंतु संदेशाचा प्रश्न या चित्रपटांच्या संदर्भात क्वचितच 'संदेश' म्हणून चर्चिला गेला. पक्षाने पैसे घालून नेत्याचे चरित्र दाखवले तर ते चरित्रपट ठरते, आणि कैकाडी मुलाची गोष्ट सांगितली तर ती 'अजेंडा' ठरते, हा भेद या वादाची खरी गाठ आहे.

सप्टेंबर 2024 च्या आरंभी, मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवपुतळा कोसळल्यानंतरच्या गदारोळात, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी महाराजांनी सुरत लुटली हे काँग्रेसने शिकवले असे विधान केले आणि 'लूट' हा शब्दच वादात आला. विरोधकांनी आणि काही इतिहास-अभ्यासकांनी समकालीन पुरावे पुढे केले. पर्वत पाटियाच्या दृष्टीने हा वाद विलक्षण होता. तिथल्या खानदेशी कुटुंबांच्या घरांत महाराजांची तसबीर असते, शिवजयंतीला मिरवणूक निघते, आणि ते राहतात ते शहर मात्र महाराजांच्या चरित्रात शत्रूचे म्हणून येते. गुजराती शेजाऱ्यासमोर कोणता शब्द वापरावा ही अडचण त्यांना पुढाऱ्यांच्या कितीतरी आधीपासून माहीत असणार. ऐतिहासिक चित्रपट लिहिणाऱ्यांनी ही दुहेरी नजर कथेत आणली असती तर सुरतेच्या प्रसंगाला जी खोली मिळाली असती ती निव्वळ घोडे आणि मशाली यांतून मिळणारी नव्हे.

या नजरेची अनुपस्थिती अपघाती नाही, तिला व्यवसायाचा इतिहास आहे. बाबूराव पेंटर यांच्या 1925 च्या 'सावकारी पाश'मध्ये कर्जापायी जमीन गमावलेला तरुण शेतकरी, जो व्ही. शांताराम यांनी रंगवला, शेवटी शहरातल्या गिरणीत मजूर होतो. मूकपटाच्या काळातच मराठी पडद्याने गाव सोडणाऱ्या माणसाला नायक केले होते. पण मराठी चित्रपटाचे स्टुडिओ कोल्हापुरात वाढले, प्रभात 1929 मध्ये तिथेच स्थापन होऊन 1933 मध्ये पुण्याला आली, आणि पुढची अनेक दशके पडद्यावरचा खेडूत कोल्हापूरकडची बोली बोलत राहिला. शहर म्हटले की मुंबई, मजूर म्हटला की गिरणगाव, आणि संप म्हटला की 1982, ही समीकरणे 2010 च्या 'लालबाग परळ'पर्यंत टिकली. खानदेशातला माणूस मात्र जमीन गेली की पश्चिमेची गाडी धरून सुरतेला जात होता. त्याची अहिराणी ही ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीच्या नव्हे, भिल्ल भाषांच्या खंडात 'खानदेशी' या नावाने नोंदली गेली होती, आणि जनगणनाही तिला मराठीपासून वेगळी मोजते. पुस्तकी मराठीला ती बोली विनोदापुरती चालते. स्मिता पाटील यांचे घराणे शिरपूरचे. खानदेशाने पडद्याला माणसे दिली, आपला आवाज पोहोचवणे मात्र जमले नाही.

समाजातला कोणता माणूस कथेच्या मध्यभागी बसू शकतो, याची एकाच व्यक्तीच्या चरित्रावर केलेली दोन मापे मराठी वाचकासमोर आहेत. आचार्य अत्रे यांनी 1954 मध्ये 'महात्मा फुले' काढला, मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते, गाडगेबाबांचे कीर्तन चित्रपटात आहे, जोतिरावांचे काम बाबूराव पेंढारकर आणि सावित्रीबाईंचे सुलोचना यांनी केले, आणि त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. एकाहत्तर वर्षांनी अनंत महादेवन यांचा हिंदी 'फुले' 11 एप्रिल 2025 रोजी, जोतिरावांच्या जयंतीला, यायचा होता. ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपांनंतर तो 25 एप्रिलला आला आणि प्रमाणपत्र मंडळाने जातींची नावे तसेच 'पेशवाई' अशा शब्दांत बदल सुचवले. अत्रे ब्राह्मण होते, स्वतःच्या जातीची टर उडवण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे, आणि त्यांच्या चित्रपटाला सरकारी मान मिळाला तो स्वातंत्र्यानंतरच्या नव्या राज्यघटनेच्या उमेदीत. 2025 मध्ये शासनाच्या कार्यक्रमांत जोतिरावांच्या प्रतिमेला हार घातला जात होता आणि त्यांनी ज्यांच्यासाठी काम केले त्यांची जातनावे उच्चारायला अडचण होती. जातीविरुद्धच्या माणसाचे चरित्र जातीचे नाव न घेता कसे सांगायचे, याचे उत्तर मंडळाने दिले नाही. या चित्रपटात जोतिराव झाले प्रतीक गांधी, जन्माने सुरतेचे, गुजराती रंगभूमीवर घडलेले. ज्या शहराला मराठी पडद्याने आजवर शत्रूचे बंदर म्हणून पाहिले त्या शहराचा मुलगा महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या समाजसुधारकाची पगडी घालून उभा राहिला. मराठी वृत्तपत्रांतला सगळा वाद आक्षेप आणि कात्री यांच्यावरच खर्ची पडला.

मधल्या काळातील टप्पे मराठी वाचकाला परिचित आहेत. विजय तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी 'सामना'त साखर-सहकारातल्या हिंदूराव पाटलाला आणि 'सिंहासन'मध्ये मंत्रालयाला पडद्यावर आणले. 1982 च्या 'उंबरठा'ने स्त्रियांच्या सुधारगृहातल्या दोन बायकांमधल्या प्रेमसंबंधाचा उल्लेख केला, तो आजच्या कोणत्याही 'वोक' म्हणवल्या जाणाऱ्या मालिकेच्या कितीतरी आधी. 'वोक' हा अमेरिकेतल्या काळ्या समाजाच्या बोलीतून आलेला, 'जागा असलेला' अशा अर्थाचा शब्द आता जगभर शिवीसारखा वापरला जातो. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने 2020 मध्ये पात्रे आणि तंत्रज्ञ यांच्या विविधतेचे निकष जाहीर केल्यावर तो मराठी चर्चेतही आला. मराठीत असे कोणतेही निकष कधी नव्हते. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' फेब्रुवारी 2014 मध्ये आला, तो कोणी कोटा ठरवला म्हणून नव्हे. त्यातला कैकाडी मुलगा जब्या आणि त्याचे घरचे डुकराला काठीला बांधून नेतात आणि मागच्या शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, शाहू, गाडगेबाबा ओळीने रंगवलेले दिसतात. दृश्यात एकही भाषण नाही, मागे फक्त भिंत आहे. 2016 च्या 'सैराट'ला मराठी चित्रपटाने तोवर न पाहिलेले यश मिळाले, आणि त्याच वर्षी उन्हाळा सरताना मराठा समाजातील काही वक्ते त्याला आपल्या लेकीबाळींवरचा हल्ला म्हणू लागले. पाटलाची मुलगी आणि पारध्याचा मुलगा यांची गोष्ट गल्ला भरत असतानाच संदेश ठरली.

इतिहासपटांत हा प्रश्न आणखी टोकदार झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' आला त्याआधीच संभाजी महाराजांना लेझीम खेळताना दाखवल्यावरून आक्षेप आले आणि ते दृश्य काढले गेले. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांना खलनायक केल्याबद्दल हरकत घेतली आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. चित्रपटाचा आरंभ बुऱ्हाणपूरच्या स्वारीने होतो, जे तापीकाठचे खानदेशाच्या मोगल सुभ्याचे ठाणे; मार्चमध्ये त्या शहराजवळच्या असीरगडच्या शेतांत लोक रात्री विजेऱ्या घेऊन सोन्याची नाणी खणायला जमल्याच्या बातम्या आल्या. पडद्यावरच्या लुटीचा इतका शब्दशः संदेश दुसऱ्या कोणत्या प्रेक्षकाने घेतला असेल असे वाटत नाही. त्याच महिन्यात नागपुरात दंगल झाली आणि 'छावा'मुळे औरंगजेबाविषयीचा राग उफाळला असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. तरीही या चित्रपटाचे प्रदर्शन थांबले नाही, आणि थांबायला नकोच होते. ऑगस्ट 2025 मध्ये मात्र 'खालिद का शिवाजी' या मराठी चित्रपटाचे, ज्यात एक मुसलमान मुलगा आपला शिवाजी शोधतो, प्रमाणपत्र केंद्र सरकारने प्रदर्शनाच्या तोंडावर एक महिन्यासाठी स्थगित केले, कारण महाराजांच्या सैन्यातील मुसलमानांविषयीचे दावे अतिरंजित असल्याची तक्रार होती. आकडे चुकले असतील तर इतिहासकारांनी ते दुरुस्त करावेत. पण एका पोराने महाराजांना आपले म्हणणे हाच आक्षेपाचा गाभा होता असे या प्रकरणाचे कागद वाचताना वाटत राहते. 'शेजारी'ला तेव्हा पंचाऐंशी वर्षेही झाली नव्हती.

गुजरातेत हे काम सेन्सॉरपेक्षा चित्रपटगृहाचा मालक करतो. 2006 मध्ये नर्मदा धरणग्रस्तांची बाजू घेतल्यामुळे आमिर खान यांचा 'फना' तिथे चालला नाही, 2007 मध्ये 'परझानिया' कोणी लावला नाही, 2018 मध्ये 'पद्मावत'ला तोडफोडीच्या भीतीने मल्टिप्लेक्सांनी हात लावला नाही. प्रमाणपत्र तिन्ही वेळा होते. पर्वत पाटियाच्या मराठी प्रेक्षकाची कोंडी म्हणून दुहेरी आहे. गुजराती पडद्यावर त्याची भाषा नाही, आणि मराठी चित्रपटाला वर्षातून ठरावीक खेळ देण्याची जी अट महाराष्ट्रात चित्रपटगृहांवर आहे ती राज्याच्या सीमेपलीकडे लागू होत नाही.

त्याने यावर आपला मार्ग काढला, आणि तो मालेगावहून आला. सुरतेसारखेच यंत्रमागांवर जगणाऱ्या या गावात 2000 साली नासिर शेख यांनी अगदी थोड्या पैशांत 'मालेगाव के शोले' काढला, आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'चा नायक झालेले शफीक हे मागावर काम करणारे मजूर होते. शुक्रवारी माग बंद राहतात तो तिथला सिनेमाचा दिवस. या गावठी चित्रपटांतून आणि नंतर भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफितींतून खानदेशी हेल, मुसलमानी हिंदी आणि अहिराणी शिव्या यांचे जे मिश्रण आले ते कोणत्याही स्टुडिओने मागवलेले नव्हते. लिंबायत-गोडादऱ्याच्या खोल्यांत बायका घरी आणलेल्या साड्यांच्या उलट्या बाजूचे सुटे दोरे लहान कातरीने कापतात, नगावर पैसे मिळतात. समोर स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर सासू-सुनेचा अहिराणी फार्स चाललेला असतो. त्यातल्या सुनेचा नवरा सुरतेला असतो, हुंड्याची मागणी होते, सरपंचाची खिल्ली उडते, दारूवर बोधही असतो. संदेश भरपूर आहे, पात्रे आपली आहेत, आणि पाहणाऱ्यांपैकी कोणीही यात राजकारण शिरल्याची तक्रार केलेली नाही.

उधन्याहून भुसावळकडे जाणारी गाडी नवापूर स्थानकावर थांबते. या स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, मध्ये सीमारेषेवर एक बाक ठेवलेले असून त्यावर दोन्ही राज्यांची नावे रंगवलेली आहेत, आणि सूचना चार भाषांत दिल्या जातात. मराठी चित्रपटाला खेळ देण्याची सक्ती त्या बाकाच्या मध्यापर्यंत आहे.